मदरबोर्ड उडालेला नव्हता

जळगावात मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास जातो, आणि नेमके तेच दिवस माझ्याकडे लग्नपत्रिकांच्या अक्षरजुळणीच्या घाईचे असतात. गेल्या मे महिन्यात माझा संगणक काम करता करता अचानक बंद पडू लागला. आधी तासाभराने, मग दहा मिनिटांनी. आणि एका दुपारी तर बटण दाबल्यावर पंखा दोन सेकंद फिरायचा, पडदा काळाच राहायचा आणि सगळे शांत व्हायचे. 2015 साली घेतलेला, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा (प्रोसेसर म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप) हा संगणक आहे आणि घरखर्च त्याच्यावरच चालतो. उन्हाळ्यात हीच तक्रार घेऊन दुकानात जाणारे अनेक जण असतील, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

दुकानातल्या माणसाने वायर जोडून एकदा बटण दाबले आणि कॅबिनेट न उघडताच सांगितले, "काका, मदरबोर्ड उडाला आहे. बदलल्याशिवाय इलाज नाही." मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी. अर्धा तास तसाच ठेवला तर संगणक पुन्हा सुरू होतो, हे मी त्याला आवर्जून सांगितले. "जाता जाता बोर्ड असेच करतो," एवढेच उत्तर मिळाले. पत्रिका द्यायच्या होत्या, त्यामुळे कॅबिनेट तिथेच ठेवून मी घरी आलो. तिसऱ्या दिवशी नव्या बोर्डाचे 5,200 आणि मजुरीचे 600, असे 5,800 रुपये यूपीआयने दिले. पक्के बिल मागितले तेव्हा त्याने वहीतल्या कागदावर नुसता आकडा लिहून दिला, आणि मी तो घेतला. जुना बोर्ड मागितला, तर "तो भंगारात गेला" असे उत्तर आले.

पंधरा दिवसांत पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. शेजारचा मुलगा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करतो. या वेळी मी त्याला बोलावले. संगणक थंड असताना सुरू करून तो थेट बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या पानावर गेला, जिथे प्रोसेसरचे तापमान दिसते. काहीही काम चालू नसताना आकडा 70 वरून चढत दोन-तीन मिनिटांत 96 वर पोचला. माझ्या प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांची आहे. तिथे पोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. लगेच पुन्हा बटण दाबले तर तो अजून गरमच असल्यामुळे क्षणात बंद पडतो. थोडा वेळ थांबल्यावर सुरू होणारा संगणक आधी उष्णतेच्या दृष्टीने तपासायला हवा, हे त्या दुकानदाराला माहीत नसेल असे मला वाटत नाही.

मग आम्ही कॅबिनेट उघडले. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धूळ इतकी घट्ट बसली होती की ती घोंगडीच्या तुकड्यासारखी सलग निघाली. पंखा बोर्डावर चार खुंट्यांनी बसतो; त्यातली एक खुंटी भोकात पुरती शिरलेलीच नव्हती, त्यामुळे तो एका बाजूने उचललेला होता. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या पात्यांकडे पोचवणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती आणि नखाने तिचे पापुद्रे निघत होते. बोर्ड बदलायचा तर पंखा काढावाच लागतो आणि पेस्ट नवी लावावीच लागते. ही पेस्ट मात्र कित्येक वर्षांपूर्वीची होती. त्या मुलाने तेव्हा विचारले, "काका, जुन्या बोर्डाचे खोके आहे का?"

खोके माळ्यावर होते. त्यावरच्या लेबलवरचा अनुक्रमांक मी वाचत गेलो आणि तो मुलगा बॅटरीच्या उजेडात बोर्डाच्या कडेवरच्या स्टिकरशी ताडत गेला. शेवटच्या आकड्यापर्यंत क्रमांक तोच निघाला. बोर्ड बदललेलाच नव्हता. इतकेच नाही, तर रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या पट्ट्यांच्या, दोन जागांपैकी एक रिकामी होती. माझ्याकडे 4 जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. मोठी फाइल उघडायला अलीकडे वेळ का लागतो याचा उलगडा तिथे झाला, आणि पैशांपेक्षा मला त्याचाच जास्त संताप आला.

दुरुस्तीला 180 रुपयांची पेस्टची नळी आणि एक तास लागला. धूळ ब्रशने काढली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि खुंट्या समोरासमोरच्या जोडीने, टक असा आवाज येईपर्यंत दाबल्या. बायोसमधला आकडा 52 वर स्थिरावला. त्या दुपारी बाहेर 42 अंश होते.

रॅमबद्दल विचारले तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुम्ही आणला तेव्हा एकच पट्टी होती." माझ्याजवळ खंडन करायला काहीच नव्हते, कारण देताना आतला फोटो काढला नव्हता, रॅमवरचे क्रमांक टिपले नव्हते आणि ठेवून घेतल्याची पावतीही घेतली नव्हती. ही तिन्ही कामे पाच मिनिटांत होतात. बोर्डाच्या बाबतीत मात्र खोक्याने साथ दिली. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून तिथला अर्जही तयार केला आहे. त्याला यूपीआयची नोंद, वहीतला तो कागद, आणि खोके व बोर्ड यांवरच्या क्रमांकांचे एकत्र छायाचित्र जोडले आहे. रॅमची पट्टी अजून परत मिळालेली नाही.