खुनाला शिक्षा: फाशी की मरेपर्यंत जन्मठेप?

मुंबईत एखादा निर्घृण खून झाला की लोकलच्या डब्यात एकच सूर असतो: लटकवा त्याला. हा राग खरा आहे, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना तर तो असणारच. तरीही मत बनवण्याआधी या दोन्ही शिक्षा प्रत्यक्षात कशा राबवल्या जातात, ते बघायला हवं.

खुनाला जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून ती 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच देता येते. सत्र न्यायालयाने सुनावली तरी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. पुढे सर्वोच्च न्यायालय, मग दयेचा अर्ज. कसाबचा शेवट चार वर्षांत झाला, पण तसं क्वचितच होतं. लहान मुलांना पळवून त्यांचे खून करणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली होती. दयेच्या अर्जांवर इतका विलंब झाला की २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. ज्यांची लेकरं गेली त्यांच्या वाट्याला वीस वर्षांची टांगणी आली.

जन्मठेपेवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे 'चौदा वर्षांत सुटतो'. तसं नाही. फाशीस पात्र गुन्ह्यात चौदा वर्षांआधी सरकारला सोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय उच्च आणि सर्वोच्च न्यायालय तीस वर्षं किंवा मरेपर्यंत, कुठलीही सूट न देता, अशी जन्मठेप देऊ शकतात.

धाकाचं म्हणाल, तर फाशीचा धाक जन्मठेपेपेक्षा जास्त असतो असा पुरावा नाही, असं कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०१५ मध्ये स्पष्ट म्हटलं.

माझ्यासाठी निर्णायक मुद्दा आहे तो न्यायालयाकडून होणाऱ्या चुकांचा. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही आरोपींना फाशी ठरवली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर? २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात पाच जणांना फाशी सुनावली होती. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरवलं. त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, पण खरे गुन्हेगार कोण, हा मृतांच्या घरच्यांचा प्रश्न तिथेच आहे.

म्हणून मी सूट नसलेल्या जन्मठेपेच्या बाजूने आहे. विधी आयोगाने फाशी रद्द करण्याची शिफारस करताना दहशतवादाचा अपवाद ठेवला होता. लोकल स्फोटांचा खटला पाहिल्यावर मला तोही पटत नाही.