बँकसाइड गॅलरी, लंडन: जलरंगवाल्यांनी चुकवू नये

टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या संग्रहालयातल्या गर्दीतून बाहेर पडलात की थेम्सकाठीच, अगदी शेजारी, हे छोटं दालन आहे. बहुतेक लोक ते न बघताच पुढे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. रॉयल वॉटरकलर सोसायटीने हे १९८० मध्ये सुरू केलं. मुद्राचित्रकारांची (ठसा कोरून कागदावर चित्र छापणाऱ्यांची) संस्थाही इथेच प्रदर्शनं भरवते.

सोसायटी मात्र १८०४ ची. रॉयल अकादमी या लंडनच्या मानाच्या कलासंस्थेत तेव्हा तैलरंगाचा मान मोठा. तिथल्या भिंतींवर जलरंग झाकोळून जात, म्हणून विल्यम वेल्स आणि सहकाऱ्यांनी वेगळी चूल मांडली. पुढच्याच वर्षी पहिलं प्रदर्शन भरलं. मधे १८१२ ते १८२० तैलचित्रंही घेतली, मग पुन्हा फक्त जलरंग. 'रॉयल' हा किताब १८८१ चा.

मला सगळ्यात आवडतं ते चित्रांच्या जवळ जाता येणं. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, कुठे ओला असताना दुसरा रंग सोडलाय, कुठे कागद कोरा ठेवून उजेड काढलाय, हे छापील पुस्तकात कधीच कळत नाही. कागदावरचं पाण्यात मिसळणारं कुठलंही माध्यम इथे चालतं. गॉश (अपारदर्शक जलरंग), शाई, अ‍ॅक्रिलिकसुद्धा. जुन्या वळणाच्या मंडळींना हे खटकेल, मला योग्य वाटतं. निवडून आलेला सभासद आपलं एक चित्र संस्थेच्या संग्रहाला देतो, ही प्रथा तर फारच मोलाची.

जागा लहान आहे, पण घाई करू नका. प्रवेशाला पैसे नाहीत आणि बहुतेक चित्रं विक्रीला असतात. सभासद नसलेल्यांसाठी खुली स्पर्धाही होते. हात चालत असेल तर चित्र जरूर पाठवा.