रात्रीचे जेवण सातला की दहाला?

रात्रीच्या जेवणाची वेळ अलीकडे आणावी का, हे ठरवण्यापूर्वी ती कशासाठी आणायची हे आधी स्पष्ट असावे. कारण झोप आणि रक्तातील साखर या दोन प्रश्नांची उत्तरे एकसारखी नाहीत.

शरीरात एकच घड्याळ नसते. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रामुख्याने डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालते, तर यकृत आणि चरबीच्या पेशींमधील घड्याळे जेवणाच्या वेळेचीही दखल घेतात. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १० तरुणांची तिन्ही जेवणे पाच तास उशिरा दिली, तेव्हा त्यांच्या रक्तशर्करेची रोजची लय पाच तासांहून अधिक मागे पडली. झोपेची वेळ सुचवणाऱ्या मेलाटोनिनची लय मात्र जागची हलली नाही.

सातच्या जेवणाची खरी जमेची बाजू साखरेची आहे. झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन वाढू लागते आणि ते इन्सुलिनच्या स्रावाला लगाम घालते, त्यामुळे दहा वाजता घेतलेला तोच वरणभात रक्तात अधिक काळ साखर ठेवतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०२० मध्ये २० निरोगी व्यक्तींना तेच जेवण एकदा सहाला आणि एकदा दहाला देऊन अकराला झोपवले. उशिराच्या जेवणानंतर साखरेची कमाल पातळी सुमारे १८ टक्के अधिक होती. झोपेच्या टप्प्यांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही, आणि ‘उशिरा जेवलात तर झोप लागणार नाही’ असे सरसकट सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अपवाद आम्लपित्ताचा: छातीत जळजळ होणाऱ्याची झोप दहाचे जेवण खरोखर मोडते, आणि त्याने जेवण व अंथरूण यांत किमान दोन-तीन तास ठेवणेच योग्य. (डाव्या कुशीवर झोपल्याने जळजळ कमी होते, वामकुक्षीचा तेवढा भाग आजही टिकतो.)

दहाच्या जेवणाची बाजू शरीरशास्त्राची नाही, संसाराची आहे. चौविहार पाळणाऱ्या जैन घरात सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर बंद होते, कारण सारे घर त्याच वेळेला बांधलेले असते. कसाऱ्याच्या लोकलने साडेनऊला घरी पोहोचणाऱ्याला ते जमणार नाही. त्याने साडेसहाच्या सुमारास डब्यातील पोळी-भाजी खावी आणि घरच्या पंगतीला वाटीभर आमटी किंवा ताक घेऊन बसावे, हा मला सातच्या आग्रहापेक्षा टिकाऊ मार्ग वाटतो. उलट, सातला जेवून अकराला फरसाणाचा डबा उघडणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

तक्रार केवळ झोपेची असेल, तर ताटाआधी रात्रीचा उजेड आणि दुपारनंतरचा चहा पाहावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जेवणाची वेळ डॉक्टरांशी बोलूनच बदलावी, कारण औषधाची वेळ तीच राहून जेवण सरकले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.