कंपवाताची औषधे आणि आमच्या तालुक्याचे मेडिकल

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर औषधांचे एक जुने दुकान आहे. माझ्या वडिलांची कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची औषधे आम्ही गेली तीन वर्षे तेथूनच आणतो. मागच्या पोळ्याच्या आधी या दुकानातील फार्मासिस्ट ताईंनी मला जे विचारले, ते तोवर कोणीही विचारले नव्हते, आणि त्यासाठीच हे लिहीत आहे.

ताई नेहमीच्या रुग्णांची एक वही ठेवतात. कोणाची कोणती गोळी, किती दिवसांची, पुन्हा केव्हा लागेल, हे सारे तीत हाताने लिहिलेले असते. बाबांच्या ३० दिवसांच्या लेव्होडोपाच्या, म्हणजे कंपवातावरील मुख्य औषधाच्या, गोळ्या २२ दिवसांतच संपल्याचे वहीवरून त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, "बाबा स्वतःच जास्तीची गोळी घेतात का? आणि अलीकडे त्यांची खरेदी, खाणे, पत्ते किंवा आकडा लावणे, यांत काही फरक पडला आहे का?"

फरक पडला होता, पण आम्ही तो आजाराशी जोडला नव्हता. आमच्या पाच एकर पराटीसाठी, म्हणजे कपाशीसाठी, एक फवारणी पंप पुरतो. बाबांनी त्या हंगामात कृषी केंद्रातून उधारीवर चार बॅटरी पंप आणले होते. रात्री ते पंप उघडून नोझल, वायसर आणि नळ्या वेगळ्या करीत, लहानमोठ्या क्रमाने लावीत, पुन्हा मिसळीत आणि पहाटेपर्यंत तेच करीत बसत. अडवले तर चिडत. "माहा पैसा आहे, मी काई चोरी नाई करून राह्यलो," हे त्यांचे उत्तर ठरलेले. ज्या माणसाने आयुष्यभर दोरखंडसुद्धा दोन दुकाने फिरून घेतला, त्याचे हे वागणे पाहून नातेवाईक बाहेरची बाधा झाल्याचे बोलू लागले होते. आईला आणखीही काही सहन करावे लागत होते. ते ती मला नव्हे, पुढे ताईंनाच एकटीत सांगू शकली.

बाबांच्या चिठ्ठीत लेव्होडोपासोबत प्रामिपेक्सोल होते. हे औषध आणि त्याच गटातील रोपिनिरोल ही दोन्ही मेंदूतील डोपामिन या रसायनासारखे काम करतात. हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिन कमी पडलेले असते, तेथे त्यांचा उपयोग होतो. पण सुखाची आणि लाभाची ओढ ज्या भागातून येते, तो या आजारात तुलनेने शाबूत असतो आणि तेथे तोच डोस जास्त होऊ शकतो, असे या वागण्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अनावर खरेदी, जुगार, खादाडपणा आणि कामवासनेचा अतिरेक हे त्याचे चार मुख्य प्रकार. वस्तू उघडणे आणि लावणे यांतच तासन्‌तास गुंतून राहणे हाही त्यांच्या जवळचाच प्रकार आहे. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १३.६ टक्के रुग्णांत या चारपैकी किमान एक गोष्ट आढळली. या गटातील औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते. म्हणजे शंभरातल्या सतरा घरांना ज्याची कल्पना असायला हवी, त्याविषयी शहरातील ज्या तज्ज्ञांनी औषध सुरू केले त्यांनी आम्हाला एक शब्दही सांगितला नव्हता. औषधासोबतच्या माहितीपत्रकात हा इशारा असतो, परंतु तो बारीक इंग्रजी अक्षरांत, आणि कापून दिलेल्या पट्टीसोबत तर कागदच येत नाही. याचा मला आजही राग येतो.

ताईंच्या कामाची खरी पारख त्यानंतर झाली. त्यांनी गोळी बंद करा असे सांगितले नाही. हे औषध एकाएकी थांबवले तर शरीर आखडते, घाबरेपणा आणि उदासी येऊ शकते, म्हणून डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा असतो, हे त्यांनी आईलाही बसवून समजावले. बाबांच्या वागण्यातील बदल तारखांसह एका कागदावर लिहून दिले आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवायला लावला. खाजकुइलीचे चूर्ण चालू आहे का, हेही विचारले, कारण त्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असते. डॉक्टरांनी प्रामिपेक्सोल टप्प्याटप्प्याने कमी केले. दोन महिन्यांत रात्रीची जागरणे थांबली. हाताचा कंप थोडा वाढला आहे आणि कृषी केंद्राची उधारी अजून फिटायची आहे, पण बाबा एके दिवशी स्वतःच म्हणाले की ते पंप आपण का आणले हे त्यांना आठवते, फक्त तेव्हा थांबता येत नव्हते. त्या दिवसापासून घरातील कोणीही त्यांना उधळ्या म्हटलेले नाही.

दुकानात उणिवाही आहेत. प्रामिपेक्सोल कधी कधी संपलेले असते आणि जिल्ह्याहून यायला दोन-तीन दिवस लागतात. ज्या औषधात खंड पडणे धोक्याचे, त्याचा साठा आधीपासून हवा. बोलण्यासाठी आडोसा नाही, आतल्या बाकावर बसले तरी गल्ल्यापाशी उभ्या माणसाला सारे ऐकू येते. जुगार किंवा वासनेविषयी सांगायला आलेली बाई अशा ठिकाणी गप्प राहील. एका पडद्याने काम होईल, हे मी ताईंना सांगितले आहे.

मंगळवारी बाजारामुळे गर्दी असते, तो दिवस टाळावा. घरच्या माणसाला रुग्णाच्या माघारी बोलायचे असेल तर सकाळी नऊला दुकान उघडताच जावे, आणि चिठ्ठीसोबत उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्याही न्याव्यात. ताई त्या मोजून घेतात.