उणे पंचवीसमध्ये शाळेची बस: प्रोपेन, सीएनजी की वीज?

अमेरिकेतल्या मिनेसोटातली जानेवारीची सकाळ. पावणेसात वाजलेत, तापमान उणे २५ सेल्सिअस. माझी मुलगी कोपऱ्यावर उभी आहे, पापण्यांवर श्वासाचं बर्फ धरलंय आणि बसचा पत्ता नाही. तुमच्या शाळेत नव्या बस घ्यायचा विषय निघाला असेल, तर मत देताना ही सकाळ आठवा.

डिझेलची अडचण जुनीच आहे. थंडीत खोबरेल तेल थिजतं, तसं साध्या डिझेलमध्ये उणे १०च्या आसपास मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून हिवाळी डिझेल भरायचं, रात्रभर इंजिनाला हीटर लावायचा. सोयाबीनचं बायोडिझेल त्याहूनही आधी थिजतं. मिनेसोटात उन्हाळ्यात ते २० टक्के मिसळतात, हिवाळ्यात ५ टक्क्यांवर आणतात, ते याचसाठी.

प्रोपेन म्हणजे सिलिंडरच्या गॅसमधलाच एक वायू, त्याला हा त्रास नाही. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेनही असतं आणि शून्याच्या खाली त्याचा वायू होत नाही. इथे गाडीत भरतात ते जवळपास निव्वळ प्रोपेन, ते उणे ४२पर्यंत तग धरतं. इंजिन स्पार्क प्लगवर चालतं, त्यामुळे पटकन सुरू होतं आणि लवकर तापतं, म्हणजे मुलांना ऊबही लवकर मिळते. मात्र डिझेलपेक्षा इंधन जास्त लागतं, आणि धूर कमी असला तरी कार्बन सुटतोच.

सीएनजी थंडीने गोठत नाही, पण त्यात ओल राहिली तर रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतं. जवळ चांगला पंप नसेल तर या वाटेला जाऊच नका.

विजेच्या बसची मोटर थंडीतही लगेच फिरते. प्रश्न उबेचा आहे. इंजिनाची वाया जाणारी उष्णता डिझेल बसला फुकट मिळते, इथे तीही बॅटरीतूनच काढावी लागते. त्यात दर थांब्याला दार उघडतं. अलास्कातल्या टोक गावात २०२०पासून अशी बस धावते, उणे ४०लाही. तेवढ्या थंडीत मैलामागे वीज मात्र उबदार दिवसाच्या दुपटीहून जास्त लागते. शिवाय लिथियम बॅटरी गोठलेली असताना चार्ज केली तर कायमची बिघडू शकते, म्हणून आधी ती गरम करावी लागते. रात्रभर प्लगला लावून ठेवली आणि निघण्याआधी बॅटरी व आतली हवा प्लगच्या विजेवरच तापवून घेतली, तर बराच फरक पडतो. दुपारी दोन फेऱ्यांच्या मधेही चार्ज करता येतं. काही ठिकाणी आतल्या उबेपुरता छोटा डिझेल हीटर बसवतात. मला त्यात गैर वाटत नाही, मुलं गारठता कामा नयेत.

विजेच्या बसची किंमत डिझेलच्या सुमारे तिप्पट. अमेरिकेच्या २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्याने स्वच्छ शाळाबससाठी ५ अब्ज डॉलर ठेवले, ते त्यामुळेच.

माझं मत: शहरातल्या छोट्या फेऱ्या आणि डेपोत प्रत्येक बसला प्लग असेल तर वीज घ्या. गावाकडचे लांब रस्ते आणि बस उघड्यावर उभी राहत असेल तर प्रोपेन. आणि सही करण्याआधी विक्रेत्याकडे अशाच थंड गावातल्या बसचे जानेवारीचे आकडे मागा: हीटर चालू ठेवून एका चार्जमध्ये किती मैल झाले, किती सकाळी बस सुटलीच नाही, आणि शेवटच्या सीटवर तापमान किती होतं.