जीपीएसची पॉवर कापल्यावर यूआर्ट: रेझिस्टर, ओपन-ड्रेन, बफर की आयसोलेटर?

एसटीएम३२एफ१०३ हा कंट्रोलर आणि निओ-६एम जीपीएस मॉड्यूल, दोन्ही ३.३ व्होल्टवर, यूआर्ट या सिरीयल जोडणीने जोडलेले. बॅटरी वाचवायला जीपीएसची पॉवर मॉसफेटने कापली, तरी त्याच्या व्हीसीसीवर व्होल्ट-दोन व्होल्ट उरतात आणि बोर्डावरचा एलईडी मिणमिणत राहतो. यूआर्टची लाइन रिकामी असताना ‘हाय’ असते. कंट्रोलरच्या टीएक्सचा (पाठवणाऱ्या पिनचा) हा हाय जीपीएसच्या पिनमधल्या संरक्षक डायोडमधून त्याच्या सप्लायमध्ये शिरतो. चिप धड बंद होत नाही, म्हणून पॉवर परत आल्यावर धड रीसेटही होत नाही.

यावर आधी सुचतो तो सिरीज रेझिस्टर. १ किलोओहमने करंट जास्तीत जास्त २.७ मिलीअँप, १० किलोओहमने ०.२७. वेगाची काळजी नको: १० किलोओहम आणि २० पिकोफॅरड मिळून ०.२ मायक्रोसेकंद होतात, ११५२०० बॉडला बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा. पण गळती फक्त कमी होते, थांबत नाही.

त्यापेक्षा ओपन-ड्रेन चांगला: पिन लाइनला फक्त खाली ओढते, हाय करायचं काम सप्लायला जोडलेला पुल-अप रेझिस्टर करतो. पीए९ (कंट्रोलरची टीएक्स पिन) ‘अल्टरनेट फंक्शन ओपन-ड्रेन’ करा आणि ४.७ किलोओहमचा पुल-अप जीपीएसच्या सप्लायला जोडा, कंट्रोलरच्या नाही. मॉड्यूलवर स्वतःचा रेग्युलेटर असेल तर त्याच्या आउटपुटला. जीपीएस गेला की पुल-अपही गेला. खर्च एका रेझिस्टरचा. टीएक्ससाठी याहून जास्त काही लागत नाही.

आरएक्सला (कंट्रोलरच्या घेणाऱ्या पिनला) मात्र हे पुरत नाही. तिथे कंट्रोलरच्या बाजूने पुल-अप लावला तर त्याचाच करंट मेलेल्या जीपीएसच्या डायोडमधून खाली जातो, लाइन ०.६ व्होल्टच्या आसपास बसते आणि कंट्रोलरला ती सलग ‘लो’, म्हणजे ब्रेक, वाटते. एक फ्रेमिंग एरर (बाइटचा शेवट जागेवर न सापडल्याची चूक) येते, मग शांतता. हॅल लायब्ररीत (एसटीएम३२च्या तयार कोडमध्ये) डीएमए रिसेप्शन, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत घेणं, त्या एका एररवर बंद पडतं आणि जीपीएस परत आला तरी आपोआप सुरू होत नाही. दोष हार्डवेअरमध्ये शोधण्यात दिवस जातो. एरर कॉलबॅकमध्ये (एरर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) रिसेप्शन पुन्हा सुरू करा, आणि ३ सेकंदांत चेकसम (चूक पकडणारा आकडा) जुळणारं एकही वाक्य आलं नाही तर लोकेशन अवैध धरा (जीपीएस मुळात सेकंदाला एकदा पाठवतो). जुनं लोकेशन ताजं म्हणून पुढे गेलं तर ते काहीच न मिळण्यापेक्षा वाईट.

फर्मवेअर (कंट्रोलरमधला प्रोग्रॅम) तुमच्या हातात नसेल तर एसएन७४एलव्हीसी२जी३४ हा दोन चॅनेलचा बफर घ्या. दोन्ही लाइन्स त्यातूनच जातात. त्याला पॉवर जीपीएसच्या सप्लायची द्यायची. सप्लाय शून्यावर आला की त्याचे इनपुट-आउटपुट दोन्ही मोकळे होतात, गळती फार तर १० मायक्रोअँप. मग कंट्रोलरच्या आरएक्सवरचा १० किलोओहमचा पुल-अप खरंच काम करतो. सप्लाय तरंगत राहू नये म्हणून त्यावर ग्राउंडला आणखी एक १० किलोओहम, आणि बफरजवळ ०.१ मायक्रोफॅरड. पॉवर उतरताना एखादा कचरा बाइट येऊ शकतो, चेकसम तो गाळतो.

आयसोलेटर (दोन बाजूंचा थेट विद्युत संबंध न ठेवता सिग्नल नेणारी चिप) या जोडीला महागाचा सौदा आहे. दोन्हींची ग्राउंड वेगळी असतील तरच आयएसओ७७२१ घ्या. पलीकडची पॉवर गेली की त्याचं आउटपुट हाय होतं, म्हणजे यूआर्टची रिकामी स्थिती. नावात शेवटी ‘एफ’ असलेला चुकूनही नको, त्याचं आउटपुट लो होतं आणि ब्रेक परत आलाच.

काहीही जोडा, पॉवर कापून जीपीएसच्या व्हीसीसीवर मल्टिमीटर धरा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अजून कुठून तरी शिरतंय.