ब्लूफील्ड-२ स्मार्ट नेटवर्क कार्ड: हीटसिंकखाली काय आहे आणि नाशिकच्या सर्व्हर रूममध्ये ते कसं चालवावं

एनव्हिडियाच्या ब्लूफील्ड-२ चं दोन २५ गिगाबिट पोर्टांचं मॉडेल अंबड-सातपूरच्या कारखान्यातल्या सर्व्हरसाठी घ्यायचं असेल, तर ते आतून कसं आहे हे आधी पाहा.

हीटसिंकखाली एकच मोठी चिप आहे, पण तिच्यात दोन यंत्रं आहेत. एक कनेक्टएक्स-६ डीएक्स हा नेटवर्क कंट्रोलर, दुसरा आठ आर्म कॉर्टेक्स-ए७२ कोरांचा प्रोसेसर. दर दोन कोरांमागे १ एमबी एल२ कॅश (कोरांजवळची वेगवान मेमरी), सगळ्यांत मिळून ६ एमबी एल३. १६ जीबी डीडीआर४ रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवता येत नाही. आर्म प्रोसेसरचं उबुंटू लिनक्स ईएमएमसीवर, म्हणजे कार्डावरच्या फ्लॅश मेमरीवर, बसतं. तिथे भरमसाठ लॉग लिहू देऊ नका, ते बाहेरच्या सर्व्हरला पाठवा. १ गिगाबिटचं मॅनेजमेंट पोर्ट वेगळं आहे, त्याला स्वतंत्र केबल ओढाच.

आठ कोर पाहून सगळं काम आर्मवर टाकायचा मोह होतो. तो टाळा. ६४ बाइटांची पॅकेटं असतील तर २५ गिगाबिटच्या एका पोर्टावर सेकंदाला ३.७२ कोटी येऊ शकतात. लिनक्स कर्नलमधून होणाऱ्या स्विचिंगला हा भार झेपत नाही. खरा वेग कनेक्टएक्सच्या हार्डवेअर स्विचमध्ये आहे. फ्लोचं, म्हणजे एकाच संवादातल्या पॅकेटांच्या ओघाचं, पहिलं पॅकेट आर्मवरच्या ओव्हीएसकडे (ओपन व्हीस्विच, हा सॉफ्टवेअर स्विच) जातं, तिथे नियम ठरतो, तो हार्डवेअरमध्ये उतरतो आणि पुढची पॅकेटं आर्मला शिवतही नाहीत. ओव्हीएसमध्ये हार्डवेअर ऑफलोड (नियम हार्डवेअरकडे सोपवणं) बंद राहिला किंवा नियमातली एखादी कृती हार्डवेअरला जमणारी नसली, की सगळी किंवा त्या नियमाची वाहतूक गुपचूप आर्मवर येते. एरर दिसत नाही, फक्त वेग कोसळतो. म्हणून ओव्हीएसच्या फ्लो यादीत ऑफलोड झालेले फ्लो किती, हे आधी तपासा.

स्लॉटही तपासा. कार्ड बसतं त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटात जेन३ (तिसऱ्या पिढीच्या) आठ लेनमधून सेकंदाला सुमारे ६३ गिगाबिट जातात, दोन्ही पोर्टांना पुरेसे. पण काही स्लॉट दिसायला आठ लेनचे, आतून चारच लेनचे असतात. मग निम्म्यावर अडकाल. एलएसपीसीआय या लिनक्स कमांडच्या सविस्तर माहितीत लिंकची रुंदी दिसते.

नाशिकसाठी कळीचा मुद्दा उष्णतेचा. कार्डावर पंखा नाही. सर्व्हरच्या पंख्यांची हवा हीटसिंकमधून जायलाच हवी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा एसी ट्रिप झाला, तर कार्ड तापून आधी मंदावतं, मग बंद पडतं. टॉवर कॅबिनेटमध्ये हे कार्ड लावू नये, हे आमचं स्पष्ट मत. रॅक सर्व्हरमध्येही रिकाम्या स्लॉटांना झाकणं लावा आणि पंख्यांचा वेग मॅनेजमेंट स्क्रीनवरून वाढवून ठेवा, कारण ओळखीच्या नसलेल्या कार्डासाठी काही सर्व्हर तो आपोआप वाढवत नाहीत. मशीन शॉपजवळ तेलकट धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिकटते. ठरावीक काळाने साफ करा.

वीज जाते तिथे आणखी एक काळजी. होस्ट (कार्ड बसवलेला सर्व्हर) बंद केला म्हणजे आर्मवरचं उबुंटू नीट बंद झालं असं नसतं. यूपीएसच्या शटडाउन स्क्रिप्टमध्ये आधी कार्ड, मग होस्ट असा क्रम लावा, नाहीतर ईएमएमसीवरची फाइल सिस्टीम बिघडू शकते. तसं झालंच, तर होस्टवरून आरशिम या कार्डाशी बोलणाऱ्या ड्रायव्हरने बीएफबी इमेज (कार्डाच्या उबुंटूची इन्स्टॉल फाइल) पुन्हा चढवता येते. कार्ड काढावं लागत नाही. पण कार्डाचा मोड (आर्मसह चालवायचं की साधं नेटवर्क कार्ड म्हणून) बदलल्यावर साधा रीबूट पुरत नाही, सर्व्हरची वीज पूर्ण बंद करून चालू करावी लागते.

जुनं कार्ड घेताना लेबलवरचा पार्ट नंबर जुळवा. एन्क्रिप्शन असलेलं आणि नसलेलं मॉडेल दिसायला सारखंच असतं; आयपीसेक (नेटवर्क वाहतुकीचं एन्क्रिप्शन) हार्डवेअरवर हवं असेल तर एन्क्रिप्शन नसलेलं घेऊन उपयोग नाही.